लाटेमागचा सूर्य

पाचवीत असताना माझ्या भूगोलाच्या वहीला समुद्राचं कव्हर होतं. त्या काळी आमच्या मालवणातल्या घरात सोव्हिएत मासिकं यायची. ती कोण वाचायचं ते मला आठवत नाही, पण जून उजाडला की त्यांना फार मान मिळायचा. कागद जाड, गुळगुळीत, पावसाचे दोन थेंब पडले तरी न फुगणारा. वडील जेवणं झाल्यावर ओटीवर बसून एकेक पान सोडवायचे आणि आम्हा तिघा भावंडांच्या वह्यांना चढवायचे. कोणाच्या वाट्याला ट्रॅक्टर यायचा, कोणाच्या बॅले नाचणाऱ्या बायका. मला त्या वर्षी मधलं जोडपान मिळालं. मोठीच्या मोठी लाट, तिच्यामागे धुरकट सोनेरी आकाश आणि त्यात सूर्य.

वहीचा आकार आणि चित्राचा आकार जुळत नव्हता, म्हणून खालची कड आत दुमडली गेली. दिवाळीच्या सुट्टीत कव्हर मळलं म्हणून मी ते काढलं, उलगडलं, आणि तेव्हा पहिल्यांदा दिसलं की त्या दुमडीत माणसं होती. मोडलेल्या डोलकाठीला धरून राहिलेली, भिजलेली, दमलेली. जून ते ऑक्टोबर मी रोज त्यांना आत दुमडून शाळेत नेत होते. चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘नववी लाट’, इवान ऐवाझोव्स्की, १८५०.

मला रडू आलं. ती माणसं संकटात होती म्हणून तर आलंच, पण त्याहून जास्त यासाठी की सूर्य बुडत चालला होता. आता काळोख होणार आणि यांना कोणी बघणार नाही, एवढं मला लख्ख कळलं.

सूर्य बुडतोय हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. आमच्या किनाऱ्यावर वाढलेल्या पोराला ते सांगावं लागत नाही. आमचा समुद्र पश्चिमेला. सूर्य उगवतो तो मागे, माडांच्या आणि घरांच्या पलीकडून. सकाळी पुळणीवर उभं राहिलं की ऊन पाठीवर असतं आणि समोरून येणारी लाट उजेड अंगावर घेते, आत घेत नाही. ती दिसते पितळेच्या घासलेल्या भांड्यासारखी, वरून चकचकीत आणि आतून बंद. संध्याकाळी सगळं उलटं होतं. सूर्य लाटेच्या मागे जातो. लाट उठते, माथ्याशी पातळ होत जाते, आणि फुटण्याआधीच्या त्या एका क्षणात मागचा उजेड तिच्यातून आरपार येतो. तेव्हा ती हिरवी होते. पानाचा हिरवा वेगळा आणि शेवाळाचा वेगळा. आम्ही पोरं त्याला गोटीसोड्याचा हिरवा म्हणायचो, कारण गोटीसोड्याची जाड बाटली उन्हाकडे धरली की अगदी तोच रंग यायचा.

त्या चित्रातल्या लाटेच्या माथ्यावर तो हिरवा होता. रशियातल्या कुणा माणसाला आमचा गोटीसोड्याचा हिरवा ठाऊक होता, हे मला तेव्हा चमत्कारासारखं वाटलं. आणि तो दिसतो फक्त संध्याकाळी. म्हणजे चित्रात संध्याकाळच असणार. एवढं सरळ होतं ते.

मी ते पान मामाला दाखवलं. मामा तांडेल होता, म्हणजे मासेमारीच्या होडीचा प्रमुख. त्याने ते हातात घेतलं, हात लांब करून पाहिलं, जवळ आणून पाहिलं. मग म्हणाला, “ही लाट खोल पाण्यातली नाय गो बाय. खोलात लाट अशी वाकान फुटणा नाय. ती वर येता, खाली जाता. वाऱ्यान डोक्यार पांढरा येता तितक्याच. ही कशी, पायाक जमीन लागल्यासारी. काठाची लाट ती.”

मी हिरमुसले. मग त्याने सूर्याच्या बाजूला बोट टेकवलं आणि म्हणाला, “पण उजेड मात्र बरोबर धरल्यान.”

मामाच्या या दोन वाक्यांमध्ये त्या चित्राबद्दलचं जवळजवळ सगळं आलं होतं, हे कळायला मला पुढची तीसेक वर्षं लागली.

लाटेबद्दल तो बरोबर होता. समुद्राच्या मध्यावर पाणी तसं जागच्या जागीच वरखाली होत असतं. पुढे सरकतो तो उठाव. काठाकडे येताना तळ वर येऊ लागतो, लाटेचा पाय अडखळतो, डोकं मात्र त्याच वेगाने पुढे जातं आणि ती ओणवी होऊन कोसळते. साधारणपणे पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट-दीडपट उरली की हे घडतं. चित्रात जमिनीचा मागमूस नाही, चहूकडे पाणी आहे, आणि तरी लाटांचे माथे किनाऱ्यावरच्यासारखे वळलेले आहेत. ही चूक समुद्र जाणणाऱ्या इतरांनीही दाखवली आहे. ऐवाझोव्स्कीला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. १८४४ साली रशियन नौदलाने त्याला आपला अधिकृत चित्रकार नेमलं होतं, तो युद्धनौकांवर राहिला होता, आरमारी अधिकाऱ्यांमध्ये वावरला होता. मला वाटतं त्याला लाटेचा तो पातळ माथा हवा होता. खोल समुद्रातल्या जाड, गोल पाठीच्या लाटेतून उजेड आरपार येऊ शकत नाही. उजेडासाठी त्याने काठाची लाट उचलून मधल्या समुद्रात नेली.

पाण्यातून उजेड जातो तेव्हा पाणी आधी लाल रंग गिळतं, मग नारिंगी, मग पिवळा. जाड लाटेतून बाहेर पडेपर्यंत निळ्याकाळ्याशिवाय फारसं काही उरत नाही. माथ्याशी पाणी हातभर असेल-नसेल, तिथे लाल तेवढा कमी होतो आणि हिरवा, पिवळसर हिरवा शिल्लक राहतो. फेसाचं गणित निराळं. फेस म्हणजे पाण्यात कोंडलेल्या हवेचे असंख्य बुडबुडे, ते आलेला सगळा उजेड चहूकडे उडवून देतात, म्हणून फेस पांढरा. आणि सूर्य खाली असला की सूर्याच्या रंगाचा. चित्रात नीट पाहिलं तर हे तिन्ही एकाच लाटेत दिसतात. पायाशी काळोखी निळाई, माथ्यावर हिरवी काच, आणि त्यावरून ओघळणारा फेस जाळ्यासारखा विरलेला, किंचित गुलाबी, किंचित पिवळा.

हे रंगवायचं कसं? जाड रंग थापून पारदर्शक पाणी होत नाही. ऐवाझोव्स्की खाली उजळ थर ठेवायचा आणि वरून तेलात पातळ केलेल्या रंगाचे झिरझिरीत थर चढवत जायचा. म्हणजे कॅनव्हासवर पडलेला खोलीतला उजेड त्या थरांतून आत जातो, खालच्या उजळ थरावर आपटतो आणि रंग घेऊन परत बाहेर येतो. लाटेत जे होतं तेच चित्रात होतं. ही गोष्ट मला कळली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात चहा उकळायला ठेवून विसरले होते.

आकाश मात्र तो एका बैठकीत पुरं करायचा, मग कितीही तास लागोत. आकाशातला रंग दुसऱ्या रंगात मिसळून जायला हवा, आणि वाळला की तो मिसळत नाही.

मूळ चित्र मी पाहिलेलं नाही. ते सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे. झार निकोलाय पहिला याने ते विकत घेतलं होतं. मी पाहिलं ते वहीवर, मग पुस्तकांत, मग संगणकाच्या पडद्यावर मोठं करून करून. एकदा न राहवून सुतळी आणि टेप घेऊन पुण्यातल्या आमच्या हॉलची भिंत मोजली. चित्र २२१ सेंटिमीटर उंच आणि ३३२ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे सव्वासात फूट बाय जवळजवळ अकरा फूट. भिंतीवर चार खिळे ठोकून सुतळी ताणली आणि समोर जमिनीवर बसले. सोफा, दिवा, टीव्ही, सगळं त्या चौकटीत बुडालं. त्या मापाचं चित्र आपण बघत नाही, त्याच्यासमोर उभे असतो. आणि चित्रकाराने आपल्याला उभं केलंय पाण्याच्याच पातळीवर, त्या डोलकाठीच्या जरा अलीकडे. आपणही बुडालेल्यांपैकीच एक. सुतळी चार दिवस तशीच ठेवली. घरातल्यांनी काही विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

‘नववी लाट’ हे नाव खलाशांच्या एका जुन्या समजुतीवरून आलं आहे. वादळात लाटा चढत्या क्रमाने येतात आणि नववी सगळ्यांत मोठी असते, अशी ती समजूत. म्हणजे चित्रातल्या माणसांवर अजून शेवटचा घाव यायचा आहे. लहानपणी मी ते नाव आणि तो बुडता सूर्य एकत्र जोडले होते: रात्र येणार, आणि तीही नववी लाट घेऊन.

तो सूर्य बुडत नाहीये, उगवतोय, हे मी वाचलं तेव्हा चाळिशीला आले होते.

एका चित्रसंग्रहात चित्राखाली चार ओळी होत्या. वादळी रात्र सरली आहे, पहाट झाली आहे, जहाज फुटून वाचलेल्या माणसांवर पहिलं ऊन पडतंय. मी ते दोनदा वाचलं. मग पान हातात धरून मराठीत मोठ्याने म्हटलं, “सकाळ आहे.” कोणाला काय समजावत होते देव जाणे. इतकी वर्षं माझ्या डोक्यात ती माणसं दर संध्याकाळी मरत होती. आणि त्यांची रात्र उलटून गेली होती. चित्रात एक ठिपकाही बदलला नव्हता आणि सगळं चित्र बदललं होतं.

मग नकाशा काढला. ऐवाझोव्स्की जन्मला क्रिमियातल्या फिओदोसिया गावी, १८१७ साली, एका आर्मेनियन कुटुंबात. बाप्तिस्म्याच्या वेळचं नाव होव्हान्नेस ऐवाझ्यान. वडील व्यापारी होते, प्लेगच्या साथीनंतर धंदा बसला. पोराचा हात बघून गावातल्या वजनदार माणसांनी मदत केली आणि १८३३ मध्ये तो पीटर्सबर्गच्या कला अकादमीत गेला. पुढे इटली, युरोपभर नाव, दरबारी मान, सगळं झालं. आणि ऐन भरात असताना राजधानी सोडून तो परत गावी आला, समुद्राकाठी घर बांधलं आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. आज आर्मेनियन, रशियन आणि युक्रेनियन तिघेही त्याला आपला म्हणतात. माझं बोट मात्र नकाशावर त्या गावाच्या आखाताशी अडकलं होतं. फिओदोसियाचं आखात पूर्वेकडे उघडतं.

त्याच्या गावी सूर्य समुद्रातून वर येतो. त्याच्या लहानपणीचा गोटीसोड्याचा हिरवा सकाळचा होता.

माझ्या बाबतीत उलट घडलं त्याला आणखी एक कारण होतं, ते मी मोठेपणी कधी कोणाला सांगितलं नाही. मी सात-आठ वर्षांची असताना नारळी पौर्णिमेनंतर पंधराएक दिवसांत मामाची होडी संध्याकाळी परत आली नाही. इंजिन बंद पडलं होतं आणि होडी ओढीबरोबर बाहेर वाहत गेली होती, पण हे नंतर कळलं. त्या संध्याकाळी मी आईचं बोट धरून पुळणीवर उभी होते. मामी होती, शेजारच्या बायका होत्या, कोणी बोलत नव्हतं. सूर्य पाण्याला टेकला. लाटा हिरव्या होत होत्या, एकामागून एक, अगदी सुंदर. मग त्या हिरव्याच्या काळ्या झाल्या. कोणीतरी कंदील पेटवला. त्याचा उजेड फेसापर्यंतसुद्धा पोचत नव्हता.

मामा दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. दुसऱ्या एका होडीला तो सकाळी दिसला होता. त्या रात्रीबद्दल तो कधी काही बोलला नाही, आणि त्याला विचारायचं नाही हे आम्हा पोरांना न सांगता कळलं होतं.

ऐवाझोव्स्कीनेही अशी एक रात्र काढली होती. युरोपातल्या प्रवासात बिस्केच्या उपसागरात त्याचं जहाज वादळात सापडलं आणि कसंबसं लिस्बनला लागलं. तो बुडाला अशी बातमीही छापून आली होती. पुढे ती आठवण सांगताना तो म्हणाला होता की भीती वाटत असतानाही त्या वादळाचं रूप मनात साठवण्याची शक्ती काही गेली नाही. आधी वाचलं तेव्हा मला हे जरा फुशारकीचं वाटलं होतं. आता वाटत नाही. पुळणीवरची ती संध्याकाळ आठवते तेव्हा मला आईच्या बोटाची पकड आठवते आणि लाटांचा हिरवा आठवतो, दोन्ही सारखेच स्पष्ट. आत भीती असते तेव्हा डोळे मिटत नाहीत. उलट ते सगळं गोळा करत सुटतात.

तो समुद्र समोर ठेवून चित्र काढत नसे. वीज, वाऱ्याचा झोत, लाटेचा उसळता शिंतोडा या गोष्टी जागेवर बसून ब्रशने पकडता येत नाहीत, असं त्याचं ठाम मत होतं. त्या पाहायच्या, मनात साठवायच्या आणि मग खोलीत बसून रंगवायच्या. आयुष्यभरात त्याने सुमारे ६,००० चित्रं काढली. त्यांतली काही घाईची आहेत, काही एकमेकींसारखी आहेत, हे मान्य करायला हवं. दरबाराला आणि श्रीमंतांना समुद्र हवा असे आणि तो देत असे. पण स्मरणातून रंगवण्यामुळे एक गोष्ट झाली. त्याच्या चांगल्या चित्रांतली लाट एका क्षणाची नसते. शंभर सकाळच्या लाटांचं सार तिच्यात उतरलेलं असतं. मामाला खुपली ती चूकही बहुधा अशीच आली असावी. आठवणीत काठाची लाट आणि खोल पाण्यातली लाट शेजारी शेजारी राहतात.

त्याची आरमारी चित्रं मला तितकीशी आवडत नाहीत, पण एकापाशी मी थांबले. नवारिनोची लढाई, १८४६ सालचं. २० ऑक्टोबर १८२७ रोजी ग्रीसच्या किनाऱ्यावर ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन जहाजांनी मिळून तुर्की आणि इजिप्शियन आरमार जाळलं, ती ही लढाई. त्या दिवशी ब्रिटिश सेनापती कॉड्रिंग्टन ज्या जहाजावर होता त्याचं नाव ‘एशिया’, आणि ते जहाज बांधलेलं होतं मुंबईच्या गोदीत, जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या कारागिरांनी, सागवानात, १८२४ साली. ऐवाझोव्स्कीचा ब्रश रशियन जहाजामागे होता, हे साहजिकच. पण त्या धुरात कुठेतरी आमच्याकडचं सागवान तरंगत होतं, एवढ्यानेच मला ते चित्र परकं वाटेनासं झालं.

मात्र त्याच्याबद्दलची जी गोष्ट मी कधी विसरणार नाही ती चित्राची नाही.

फिओदोसिया समुद्राकाठचं गाव, आणि तिथे प्यायला पाणी नव्हतं. कोकणातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. उशाशी समुद्र गाजतो आणि एप्रिल लागला की विहिरीचं पाणी मचूळ होतं. मे महिन्यात आई पहाटे चारला उठून वरच्या वाडीतल्या विहिरीवर जायची, कारण तिथलं पाणी गोडं होतं. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याला गोडं पाणीच म्हणतात. दोन हंडे डोक्यावर, एक कळशी कमरेवर, आणि खाली सगळीकडे, नजर पोचेल तिथवर, न पिता येणारं पाणी. लहानपणी मला वाटायचं की देवाचं काहीतरी चुकलं आहे.

ऐवाझोव्स्कीच्या मालकीची सुबाश नावाची जागा गावापासून सुमारे २५ किलोमीटरवर होती आणि तिथे झरा होता. १८८७ साली त्याने नगरपालिकेला लिहून कळवलं की माझ्या गावची माणसं वर्षानुवर्षं पाण्यासाठी हाल सोसताना मला पाहवत नाहीत, म्हणून या झऱ्याचं रोज ५०,००० बादल्या पाणी मी गावाला कायमचं देतो. रशियन बादलीच्या मापाने ते सहा लाख लिटरच्या वर होतं. नळ घातले गेले, आणि १८८८ मध्ये गावात कारंजं सुरू झालं.

सत्तरी गाठलेला, जन्मभर खारं पाणी रंगवलेला माणूस. त्या दिवशी कारंज्यापाशी बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांचा विचार माझ्या मनात येतो. त्यांच्यातल्या किती जणींनी ‘नववी लाट’ पाहिली असेल? बहुधा एकीनेही नाही. ती दूर राजधानीत, राजाच्या संग्रहात होती. पण त्यांनी त्याचं पाणी प्यायलं. मी आईला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून तिने विचारलं, “नळ घरापर्यंत आणले होते की एकाच जागी?” चित्र तिने नंतर मागून घेतलं. त्या माणसाने काढलेला समुद्र तिला आता बघायचा होता.

म्हातारपणी त्याने समुद्रातलं बाकीचं सगळं काढून टाकलं. १८९८ मध्ये, ऐंशी उलटल्यावर, त्याने ‘लाटांमध्ये’ हे चित्र केलं. ‘नवव्या लाटे’हूनही मोठं. त्यात जहाज नाही, डोलकाठी नाही, माणूस नाही. आधी एक लहानशी होडी काढली होती, ती त्याने नंतर रंगाखाली घातली असं सांगतात. उरलं फक्त पाणी आणि आभाळातून खाली आलेली उजेडाची एक तिरीप. त्यातले हिरवे आणि राखाडी रंग मला फार मोलाचे वाटतात, पण खरं सांगायचं तर माझं मन त्या चित्रात रमत नाही. मला माणसं लागतात. पाचवीतल्या वहीची दुमड उलगडल्यावर दिसली ती. १९०० साली तो गेला तेव्हा चित्र ठेवायच्या लाकडी घोडीवर एक अपुरं चित्र होतं, आग लागून फुटणाऱ्या एका तुर्की जहाजाचं. म्हणजे शेवटी तोही माणसांकडे परत आला होता.

गेल्या जानेवारीत आईला जगन्नाथपुरीला घेऊन गेले. तिची फार वर्षांची इच्छा होती. देवदर्शन झालं, महाप्रसाद झाला, आणि दुसऱ्या दिवशी मी तिला पहाटे समुद्रावर नेलं. तिने शाल गुंडाळून घेतली होती, आणि वाळूवर पाय टेकताच तिने सवयीने मागे वळून पाहिलं. सूर्य मागून यायचा, हे आमच्या अंगात भिनलेलं.

तो समोरून आला. जरा डावीकडून, तिरका, पाण्याच्या रेघेवर आधी लालसर डाग आणि मग एकदम वर. पुरीच्या लाटा आमच्यापेक्षा मोठ्या, धिप्पाड, वाळूजवळ येऊन दाणकन आपटणाऱ्या. पहिल्या चार-सहा काळ्याच होत्या. मग एक उठली, पातळ झाली, आणि तिच्यात उजेड शिरला.

आई म्हणाली, “अगो, ही तर आपली संध्याकाळची लाट.”

मी काही बोलू शकले नाही. पंचेचाळीस वर्षं ओळखीचा असलेला रंग चुकीच्या वेळी समोर उभा होता, आणि थंडी होती, आणि वाळूवर नोलिया कोळी होडी पाण्यात ढकलत होते. सहा-सात जण, खांदा लावून, एका सुरात काहीतरी ओरडत. लाट आली की थांबायचे, ती फुटून फेस सरला की जोर लावायचे. तिसऱ्या खेपेला होडी लाटेवर चढली, टोक आभाळाकडे झालं, आत उभ्या माणसाच्या पायाखाली ती हिरवी काच क्षणभर पेटली, आणि होडी पलीकडे उतरून गेली. मागोमाग दुसरी. मग तिसरी.

तिथूनच मामाला फोन लावला. तो आता ऐंशीच्या पुढे आहे, दर्यावर जात नाही, फोनवर मोठ्याने बोलावं लागतं. लाटांच्या आवाजात मी ओरडून त्याला विचारलं, माझ्या वहीवरचं ते चित्र आठवतं का, रशियन चित्र, बुडलेली माणसं, काठीला धरून बसलेली.

“काठाची लाट,” मामा म्हणाला.

“तीच. मामा, तो सूर्य बुडत नव्हता. उगवत होता. सकाळ होती ती.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. फोन कापला गेला की काय असं मला वाटलं.

“सकाळ ती?” त्याने विचारलं. आणि मग अगदी नेहमीच्या आवाजात, उद्याच्या वाऱ्याचा अंदाज सांगावा तसा, म्हणाला, “मगे काय. सकाळी होड्यो भायर पडतत. कोणाक तरी दिसतले ते.”